बारशाला आलात, तर बाळ बघा

मागच्या महिन्यात आमच्या भाचेसुनेच्या लेकीचं बारसं झालं. हल्ली बारसं बाराव्या दिवशी कुठलं व्हायला! हॉल मिळेल आणि सगळ्यांना सुट्टी असेल तो मुहूर्त. बाळ तीन महिन्यांचं, चांगलं टकमक बघणारं. हॉल इथलाच, आमच्या नारायण पेठेतला, घरापासून चालत सात मिनिटांवर. त्यामुळे मी अगदी पहिल्या पंगतीपासून शेवटच्या घुगऱ्यांपर्यंत हजर होते.

तर झालं असं की, पाळण्याशी रांग लागलेली. येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडे बघे, "अगंबाई, किती गोड!" म्हणे, आणि मग मान वर करून बाळाच्या आईकडे बघे. तिथेच जरा थांबे. मग आवाज थोडा खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच खाली, "तुझा चेहरा केवढा काळवंडलाय गं! वांग आलेत का?"

मी मोजत बसले. शाळेतली सवय, जात नाही. जेवणापर्यंत अकरा जणींनी हे विचारलं. त्यातल्या सहा जणींनी उपाय सांगितला. जायफळ उगाळून लाव, लिंबू चोळ, संत्र्याच्या सालीची पूड, मसुराचं पीठ, कुठल्याशा पार्लरचा फेशियल. आणि सहावीने पर्समधून चक्क एक ट्यूब काढली. "ही लाव. पंधरा दिवसांत फरक. आमच्या हिने लावली ना, काय उजळली!"

ती ट्यूब बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. कंपनी वेगळी होती, पण जात तीच. वीस वर्षांपूर्वी तसलीच एक ट्यूब मी स्वतःच्या हाताने घरात आणली होती. त्याबद्दल आजवर कुठे लिहिलं नाही. आज लिहिते.

पण आधी वांग म्हणजे काय ते. मला हे आयुष्यात फार उशिरा कळलं, तुम्हाला तरी वेळेवर कळू दे.

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्यात आणि सावळ्यात त्यांची संख्या साधारण सारखीच, फरक असतो त्या किती रंग बनवतात आणि कसा पसरवतात यात. गरोदरपणात शरीरातली काही संप्रेरकं (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि रंगपेशींना थेट चालना देणारं एक) खूप वाढतात. त्यामुळे पोटावर बेंबीच्या वरखाली काळी रेघ उमटते, काखा-मांड्या काळ्या पडतात, मान काळपट होते. हे बहुतेक सगळ्या बायकांना कमीजास्त होतं आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत हळूहळू फिकं पडतं. चेहऱ्यावरचे डाग मात्र सगळ्यांना येत नाहीत. दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर, बहुधा दोन्ही बाजूंना सारखे. यात संप्रेरकांच्या जोडीला दोन गोष्टी लागतात. एक घराण्यातला वारसा, आणि दुसरं ऊन. ऊन म्हणजे नुसतं मे महिन्यातलं नव्हे. खिडकीच्या काचेतून येणारा उजेडसुद्धा रंगपेशींना जागं करतो.

बऱ्याच जणींचे हे डाग बाळ वर्षाचं होईतो पुष्कळ पुसट होतात. काहींचे राहतात, विशेषतः आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या रंगाच्या बायकांत. पुढच्या गरोदरपणात किंवा संततिनियमनाच्या गोळ्यांनी पुन्हा गडद होऊ शकतात. म्हणून आधीच वांग असतील तर गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगावं. तांबीचा पर्याय असतोच.

इतकंच. पोट साफ नाही, रक्त खराब आहे, डोहाळे नीट पुरवले नाहीत, यातलं काहीही कारण नसतं.

मी मराठी शिकवत असे, त्यामुळे शब्दाशी अडखळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. वांग हा शब्द संस्कृत 'व्यंग'वरून आला. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत 'व्यंग' आहे, आणि त्याचं कारण दिलंय क्रोध आणि श्रम. क्षुद्ररोग म्हणजे किरकोळ रोग, हे लक्षात घ्या. वैद्यांनी त्याला किरकोळ म्हटलं. पण आपल्या रोजच्या मराठीत व्यंग म्हणजे दोष, उणेपणा. चेहऱ्यावरच्या चार डागांना आपण आधी नाव दिलं आणि मग जणू बाईलाच उणं ठरवलं. व्यंगावर बोट ठेवणं वाईट, असं मुलांना शिकवलं मी पस्तीस वर्षं. आणि बारशाला जाऊन तेच करतो आपण सगळ्या!

माझी पहिली मुलगी १९७६ ची. तेव्हा आम्ही पत्र्या मारुतीजवळच्या वाड्यात राहत होतो, दोन खोल्या आणि समाईक नळ. मला सातव्या महिन्यात गालांवर वांग आले. वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी एकमुखाने निकाल दिला, चेहरा काळवंडलाय, मुलगा होणार! झाली मुलगी. तर त्याच म्हाताऱ्या म्हणाल्या, "तरीच चेहरा असा झालाय, मुलगी तेज घेऊन गेली." दोन्ही बाजूंनी बरोबर! बाळाच्या मुलगा-मुलगी असण्याशी वांगांचा काडीचाही संबंध नाही, हे वेगळं सांगायला नको.

बारशाच्या फोटोत मी मान वळवून उभी आहे. फोटोग्राफर म्हणाला होता, ताई, इकडे बघा. मी बघितलं नाही. आज त्या फोटोत बाळ दिसतं, सासूबाई दिसतात, पेढ्यांचं ताट दिसतं, माझा नुसता कान दिसतो. मुलगी वर्षाची झाली तोवर डाग बरेच गेले होते. डाव्या गालावर एक पुसटसा राहिला तो अजून आहे. पण फोटो पुन्हा काढता येत नाही.

इतकं सोसलेल्या बाईने पुढे शहाणं व्हावं की नाही? पण नाही.

२००५ साली आमच्या सुनेला मुलगा झाला. तिलाही वांग आले, माझ्यापेक्षा जास्त. पुढे वैशाखात घरात मुंज होती. चारशे माणूस येणार. मला वाटायला लागलं, हिचा चेहरा तोवर नीट व्हायला हवा. 'हवा' कुणाला, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. एका ओळखीच्या बाईंनी ट्यूबचं नाव सांगितलं. मी औषधाच्या दुकानात गेले, नाव सांगितलं, त्यांनी दिली. चिठ्ठी विचारली नाही, मीही काही विचारलं नाही. पुडीवर बारीक अक्षरात काय लिहिलं होतं ते वाचलंही नाही. जन्मभर मुलांना "प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" सांगणारी मी!

तीन आठवड्यांत चेहरा लख्ख झाला. मुंजीत सगळ्यांनी कौतुक केलं. ते मी स्वतःकडे घेतलं, आणि आणखी चार जणींना त्या ट्यूबचं नाव सांगितलं.

ती सात-आठ महिने रोज लावत राहिली. मग माहेरी गेली असताना ट्यूब संपली, तिकडे मिळाली नाही. चार दिवसांत चेहरा लालभडक. आग, खाज, पुरळ. उन्हात पाऊल टाकता येईना. गालांवर बारीक लव वाढली होती आणि कातडीखालच्या लाल शिरा जाळीसारख्या दिसायला लागल्या होत्या. वांग होते तिथेच होते, उलट आणखी गडद.

परत आल्यावर आम्ही दोघी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि सुनेला विचारलं, "हे कुणी सांगितलं लावायला?"

मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "असंच... कळलं कुणाकडून तरी."

तिने माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

त्या मलमात स्टेरॉइड होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. स्टेरॉइडचं मलम हे चांगलं औषध आहे, इसब, सोरायसिस अशा रोगांत फार उपयोगी. पण ठरलेल्या जागी, ठरलेल्या ताकदीचं, ठरलेले दिवस. चेहऱ्याची कातडी पातळ. तिथे लावलं की सुरुवातीला रक्तवाहिन्या आकसतात, रंग बनणं मंदावतं, चेहरा गोरा दिसतो. वापर लांबला की कातडी आणखी पातळ होते, शिरा दिसतात, मुरुमं येतात, लव वाढते. आणि एकदम बंद केलं की सगळं उसळून वर येतं, की बाई घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावते. चक्रच ते. सुनेला त्यातून बाहेर पडायला वर्षाहून जास्त लागलं. दोन्ही गालांवरच्या बारीक लाल शिरा आजही आहेत.

हे काही आमच्याच घरात घडलं असं नाही. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण त्यांनी तपासले. त्यातले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडचं मलम लावत होते, म्हणजे सातात एक. मग २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची लावायची औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कायदा झाला, छान झालं. पण पर्समधून निघणाऱ्या ट्यूबला कुठला कायदा लागू होणार?

स्टेरॉइडपेक्षाही भयंकर एक प्रकार आहे, तो म्हणजे पारा. अकोल्याची गोष्ट २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली होती. एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने गोरं करणारं स्थानिक क्रीम आणलं. ते तिने, तिच्या आईने आणि बहिणीने लावलं. तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. एकाच घरातल्या तिघी! पारा रंग बनण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा उजळतो, आणि कातडीतून रक्तात उतरून मूत्रपिंडावर बसतो. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत डोळ्यांसाठीच्या काही वस्तू सोडल्या तर पारा घालायला बंदी आहे, आणि चुकून राहिलेला दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर कारखान्याचं नाव-पत्ताच नाही ती कोण तपासणार? आणि बाळंतिणीने असलं काही लावलं तर ते दुधातून, गालाला गाल लावण्यातून बाळापर्यंत जातं. एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी माझं लिहिणं सार्थकी लागलं.

आता कुणी म्हणेल, मग काय, वांग तसेच ठेवायचे? मुळीच नाही. "त्यात काय एवढं, आई झालीस ना, मग चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस" हेही मला पटत नाही. जिला स्वतःला आपला चेहरा पूर्वीसारखा हवासा वाटतो, तिने जरूर उपाय करावा. फक्त तिने. आणि त्वचेच्या डॉक्टरांना विचारून.

मी गोळा केलेली माहिती थोडक्यात सांगते.

पहिलं औषध सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा वर, दोन बोटं भरून, चेहरा आणि मानेला. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. किंचित रंग असलेलं मिळतं (त्यात लोहाचं ऑक्साइड असतं), ते वांगांसाठी जास्त बरं, कारण ते दिसणारा उजेडही अडवतं. सनस्क्रीनशिवाय बाकीचे सगळे उपाय म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी.

दुसरं, आपला पुणेरी स्कार्फ. डेक्कनवरून भिडे पुलाने पेठेत शिरणाऱ्या, फक्त डोळे दिसणाऱ्या मुलींना मी पूर्वी फार हसले आहे. चंबळच्या डाकू म्हणायचे. शब्द मागे घेते. नुसत्या पातळ ओढणीने सगळं ऊन अडत नाही, पण सनस्क्रीन आणि वर जाड सुती स्कार्फ, ही जोडी उत्तम. शिवाय फुकट.

तिसरं, लावायची औषधं. अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड हे बाळ अंगावर पीत असतानाही डॉक्टर देतात. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असलेली मलमं बाळ पितं आहे तोवर शक्यतो टाळतात. त्या दोन्हींबरोबर सौम्य स्टेरॉइड असं तिहेरी मलम मिळतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे आठवडे वापरायचं औषध आहे, वर्षभर लावायचं क्रीम नव्हे. हायड्रोक्विनोनही फार काळ लावलं तर कायमचा निळसर काळेपणा येऊ शकतो. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात, पण त्यांनी रक्त गोठण्याचा धोका असतो आणि बाळंतपणानंतर काही आठवडे तो मुळातच वाढलेला असतो. तेव्हा त्या आपल्या मनाने कधीच नाहीत. लेझरने आपल्या रंगाच्या कातडीवर डाग वाढूही शकतात. आणि कुठल्याही उपायाला महिने लागतात. वांग ताब्यात राहतात, पण उन्हाने परतही येतात. "पंधरा दिवसांत फरक" म्हणणाऱ्या ट्यूबचा संशय घ्यावा, तो एवढ्याचसाठी.

घरगुती उपायांपैकी साय-हळदीने सहसा कुणाचं बिघडत नाही. लिंबू मात्र नको, त्याने कातडी भाजते, उन्हात तर जास्तच. आणि चोळायचं काहीच नको. घासलं, चुरचुरलं की आपल्या कातडीला काळं पडायला निमित्तच मिळतं.

चौथं, सगळा काळेपणा म्हणजे वांग नव्हेत. मान-काख मखमलीसारखी जाड काळी झाली आणि बाळंतपणानंतरही तशीच राहिली तर साखर तपासावी. बोटांच्या सांध्यांवर काळेपणा, जिभेची आग, थकवा असेल तर बी-१२ तपासावं. आपल्या शाकाहारी घरांत ते कमी असणं नवीन नाही. हिरड्या, तळहाताच्या रेषा काळ्या होऊन फार अशक्तपणा, चक्कर, वजन घटणं असेल तर लगेच डॉक्टर गाठावा.

आता शेवटचं. हे सगळं आपल्या, म्हणजे नातेवाइकांच्या जिभेबद्दल आहे.

आम्ही काळजीपोटी बोलतो, असं आपण म्हणतो. मीही तेच म्हटलं असतं. पण काळजी असेल तर बाळंतिणीला विचारण्यासारखं कितीतरी असतं. रात्री झोप मिळते का? टाके दुखतात का? हिमोग्लोबिन किती आहे? रडू येतं का गं कधी उगाच? त्या अकरा जणींपैकी हे एकीनेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, मी मोजत बसले होते! 'फेअर अँड लव्हली' बाजारात आलं १९७५ साली, माझ्या बाळंतपणाच्या आदल्या वर्षी. २०२० मध्ये त्यांनीसुद्धा नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. आपल्या तोंडातली वाक्यं बदलायला आणखी किती वर्षं हवीत?

त्या दिवशी हॉलमध्ये मी उठले आणि भाचेसुनेच्या हातातली ट्यूब काढून घेतली. ट्यूब देणाऱ्या बाईंना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या. रागावू देत. तिने मात्र मला विचारलं, "मावशी, खरंच जातील हो?" म्हटलं, "बरेचसे जातील, वेळ लागेल. त्रास वाटत असेल तर आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. आणि फोटोत मान वळवू नकोस, एवढं ऐक."

संध्याकाळी घरी आल्यावर चहा टाकला आणि सुनेशी बोलले. वीस वर्षांनी. म्हटलं, "ती ट्यूब मी आणली होती. डॉक्टरांसमोर मी गप्प बसले. चुकलं माझं."

ती थोडा वेळ कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, क्रीमचं मला एवढं नाही वाटलं. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? पण तुम्ही रोज सकाळी चहा देताना आधी माझ्या गालाकडे बघायचात, आज कमी झाले का म्हणून... त्याचं वाटायचं."

मला काही बोलता आलं नाही. तिनेच दुसरा कप ओतून दिला.

तेव्हा मंडळी, पुढच्या बारशाला याल तेव्हा बाळ बघा, घुगऱ्या खा, बाळंतविड्यात काही द्यायचंच असेल तर एक चांगलं सनस्क्रीन द्या. आणि बाळाला तासभर सांभाळून तिला झोपू द्या. चेहरा तिचा आहे, ती आरशात रोज बघते. तिला सांगायला आपली गरज नाही.